पिकअपवरचा डबा

आमच्या पोर्चमध्ये लोखंडी घोड्यांवर जे काही आकाराला येत होतं, त्याला गल्लीतल्या प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलं होतं. समोरचे आजोबा त्याला फ्रीज म्हणत. दूधवाला म्हणे, कोंबड्यांचं खुराडं. शेजारच्या वहिनींच्या तोंडून एकदा 'तिरडी' असा शब्द निघाला आणि त्यांनी लगेच जीभ चावली. मी आणि आई त्याला डबा म्हणायचो. जुन्या पिकअपच्या मागच्या हौद्यावर बसवायची ती एक लहानशी खोली होती. मधे फोमचे तक्ते, त्यांच्यावर आतून-बाहेरून फायबरचं कवच, बाजूंना खिडक्या आणि मागे दार. त्यात आईला झोपवून काटोलच्या पुढच्या एका गावी न्यायचं होतं. तिथे माझी मावशी, म्हणजे आईची आता एकुलती उरलेली बहीण, अंथरुणाला खिळून होती.

प्रतापनगरातल्या आमच्या घरात माणसं दोनच, आई आणि मी. मी सरकारी कचेरीतला कारकून, पन्नाशी उलटलेला आणि बिनलग्नाचा. कोणी विचारलं की पोराचं लग्न काहून नाही केलं, तर आई परस्पर उत्तर देते, "भेते तो." लोक हसतात, पण यात विनोद कमी आणि माहिती जास्त आहे. मला विजेची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, गॅस बंद केला की नाही याची वाटते. आणि मी भ्यालो की चिडतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्याकडे तो भाडेकरू म्हणून राहतो आणि घर सोडायचं नाव घेत नाही.

आईचा मणका गेल्यापासून तिला बसवत नाही. उशीला टेकवून दोन घास भरवेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडतो. कारने नेण्याचा प्रश्नच नव्हता. दोघी बहिणी रोज फोनवर बोलत. एक म्हणे तू ये, दुसरी म्हणे तू ये, आणि दोघी हसत. उन्हाळा लागला तसा मावशीचा आवाज बारीक होत गेला. एक दिवस ती म्हणाली, "आता फोन नको करू वं. येच." आईने फोन उशीखाली ठेवला.

मी म्हटलं, अँब्युलन्स सांगतो.

"त्यात मले नको टाकू," आई म्हणाली. "आडवं घालतेत अन् वरून दार लावून घेतेत. मी नाई जात."

"अगं, मग तुला आडवंच न्यावं लागेल ना? कशातूनही नेलं तरी?"

"मंग तू बनव काही. तुया हातचं असलं तं जाईन मी."

अँब्युलन्सचं नाव काढलं की ती अशी का बिथरते, हे मला माहीत होतं, आणि ते आम्ही दोघंही बोलत नव्हतो. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. तेव्हा आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. एका संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स बाहेर गेलेली होती, म्हणून बेकरीवाल्याची पाव वाहायची बंद व्हॅन मागून आणली. बाबांना मागे निजवलं, आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी पुढे बसून गाडी हाकली. आमच्यामध्ये पत्र्याची भिंत होती. निघताना मी आईला ओरडून सांगितलं होतं, काही वाटलं तर पत्रा ठोक. नागपूर येईपर्यंत तिने ठोकलं नाही. ती ठोकत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी स्वतःला बजावत राहिलो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, यांना जाऊन बराच वेळ झाला.

तिने का ठोकलं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचीही भीतीच वाटली. तेव्हापासून माझ्या मागे बंद दाराआड कोणी असलं की माझी पाठ आखडते.

आणि आता मी स्वतःच्या हाताने तसलीच गाडी बनवायला घेतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पिकअप आमच्याकडे होता. गावच्या बगिच्यातली संत्री बाजारात आणायला कधीकाळी घेतलेला, आता बरेचदा पोर्चमध्ये उभाच. लोखंडी सांगाडा आणि पत्र्याची टपरी करावी, तर नागपूरच्या उन्हात आई आत भाजून निघाली असती. म्हणून फोम. इंटरनेटवर परदेशातले लोक अशा खोल्या हसत हसत बनवताना दिसतात. मी एकटा बसून ते सगळं पाहिलं आणि प्रत्येक वेळी मला एवढंच दिसलं, की हे उडून गेलं तर काय.

सुरुवातच अपशकुनाने झाली. थर्मोकोलच्या तुकड्यावर फायबर चिकटवायचं साधं रेझिन, म्हणजे पातळ राळ, ओतून पाहिलं, तर ते थर्मोकोल माझ्या डोळ्यांदेखत विरघळून गेलं. मधोमध भोक पडलं आणि भोकाच्या कडा खाली खाली जात राहिल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मग गच्चीवर ऊन अडवायला घालतात ते गुलाबी, घट्ट तक्ते आणले आणि त्यांना न खाणारं, इपॉक्सी जातीचं रेझिन आणलं. तक्ते कापून, चिकटवून खोली उभी केली. त्यावर काचेचं पांढरं कापड पसरायचं, इपॉक्सी त्यात मुरवायचं, मग वरून दुसरं कापड. वाळलं की त्याचं कवच होतं. ऐकायला पोळ्या लाटण्याइतकं सोपं. फक्त कणीक अंगावर उठत नाही. या कापडाची कुसळं मात्र मानेत शिरून आठवडाभर खाजवत राहिली.

इपॉक्सी घट्ट व्हावं म्हणून त्यात हार्डनर मिसळला की ते तापतं. आमच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. पहिल्या दिवशी मी उत्साहात मगभर कालवलं. अर्ध्या भिंतीला लावून होतं न होतं तोच मगातून धूर निघायला लागला. मी तो मग धरून अंगणभर पळालो. टाकावा तर कुठे टाकावा! शेवटी नळाखालच्या रेतीत फेकला, आणि तिथे तो बराच वेळ एकटाच धुमसत राहिला.

आईची खाट मी हॉलमध्ये, पोर्चच्या दाराजवळ आणून ठेवली होती. तिला काम बघायचं होतं. हॉलच्या एकुलत्या खिडकीला आमचा मोठा लोखंडी कूलर. नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही, की कूलरच्या समोर दार उघडं ठेवायचं, नाहीतर खोली नुसती दमट होते आणि जीव गुदमरतो. तेव्हा दार उघडं. कूलरची ओली, वाळ्याच्या वासाची हवा आईच्या खाटेवरून यायची आणि दारातून माझ्या पाठीवर. मी घामाने निथळत असलो की आई म्हणायची, "थोडा दाराकडं सरक गा. हवा लागू दे." मी सरकायचो. हवा अंगाला लागली की बरं वाटायचं. डब्यालाही ती लागते आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. या गावात उन्हाळ्यात माणूस जिथे, कूलर तिथे. त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

दोन्ही थर झाले. मी डब्याभोवती फेरी मारली आणि माठ घेताना आई वाजवायची तसं बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. भिंतीकडची बाजू खणखणीत. छत खणखणीत. हॉलच्या दाराकडची बाजू मात्र भद्द वाजली. पुन्हा वाजवली. भद्द. हात लावला तर घामेजलेल्या तळव्यासारखी चिकट. एका कोपऱ्यात नख घातलं आणि वरचं कापड पोळीच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. मी ओढलं, ते येतच राहिलं. एवढ्या मेहनतीची आख्खी बाजू माझ्या हातात लोंबत होती.

माझी पाचावर धारण बसली. हे इथे पोर्चमध्ये कळलं. रस्त्यावर कळलं असतं तर? कडेतून वारा शिरला असता, कवच फाटत गेलं असतं, आतला फोम भसाभस मोडला असता, आणि आत आई. बसता न येणारी, काही धरता न येणारी आई. मी खाली फरशीवर बसलो.

"काय झालं?" आई आतून म्हणाली.

मी चिकट भाग कुठून कुठपर्यंत आहे ते बघत होतो. दाराच्या चौकटीएवढाच होता. वर चौकट संपली तिथे तो संपत होता, खाली उंबरठ्याच्या रेषेत. कूलरची हवा जेवढ्या भागावर येत होती तेवढाच भाग नासला होता. पहिला थर वाळताना त्यावर ओलाव्याची साय धरली आणि दुसऱ्या थराने त्याला धरलंच नाही.

मी आईला सांगितलं. तिने त्या लोंबणाऱ्या कापडाकडे पाहिलं.

"मंग बंद कर कूलर," ती म्हणाली.

"नवतपा लागलाय, आई."

"मले दिसते."

नवतपा म्हणजे उन्हाळ्याचा शेवटचा, सगळ्यांत क्रूर तडाखा. रस्ते ओस पडतात, पाखरं झाडाखाली चोच वासून बसतात. हवा इतकी कोरडी, की ओलं फडकं दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतं. इपॉक्सीला याहून चांगले दिवस मिळाले नसते. आईला याहून वाईट मिळाले नसते. थांबलो तर पाऊस येणार, सगळीकडेच ओल होणार, आणि मावशी पाऊस बघेल की नाही ते कोणाला ठाऊक नव्हतं. डबा बाहेर उन्हात नेला असता तर रेझिन लावायच्या आधीच मगात उकळलं असतं. दार बंद करून कूलर चालवला तर आईचा दम कोंडत होता. मी चारी बाजूंनी विचार केला आणि चारी बाजूंना भिंतीच होत्या.

शेजारच्या वहिनी आल्या आणि माझ्यावर तुटून पडल्या. "भाऊजी, डोकं फिरलं का तुमचं? लू लागली तं काय कराल? त्या डब्यापायी आईले मारता का?"

"ते तिलाच विचारा!" मी ओरडलो. मी ओरडतो तेव्हा किती घाबरलेलो असतो, हे वहिनींना कळत नाही. आईला कळतं.

"माहा जीव आहे, बाई," आई खाटेवरून म्हणाली. "मी पाहीन."

मी पहाटे काम सुरू करायचो. नासलेलं सगळं घासून काढलं, पाण्याने धुतलं, कोरडं केलं, पुन्हा घासलं. मग कापड. उन्हं वर येईपर्यंत ठीक असायचं. त्यानंतर वाळेस्तोवर कूलर बंद आणि घर तव्यासारखं तापत जायचं. वहिनी दर थोड्या वेळाने पन्हं आणायच्या, कांद्याचा रस तळपायांना चोळायच्या, कपाळावरचं ओलं फडकं बदलायच्या. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. मी एका हाताने कापड दाबत आणि एक डोळा खाटेवर ठेवून काम करत होतो.

एका दुपारी शेवटचा पट्टा उरला होता. मी मगात थोडंसं कालवलं, ब्रश उचलला आणि सवयीने खाटेकडे पाहिलं. आईचं तोंड उघडं होतं. ओठ कोरडे, डोळे मिटलेले. तिची छाती हलताना मला दिसेना. हातातला मग फरशीवर ठेवला आणि मी आत धावलो. तिच्या नाकाशी हात धरला, पण घरातली हवाच इतकी तापलेली होती की श्वास वेगळा कळेना. "आई," मी म्हटलं. "आई वं." माझा आवाज लहान पोरासारखा फाटला.

तिने डोळे उघडले नाहीत. "तिकडं पाह," ती म्हणाली. "मग जळून राहिला तुया."

खरंच धूर येत होता. तिला वास आला होता. मी तो मग उचलून बाहेर फेकला, परत आलो आणि खाटेच्या पायाशी बसून रडलो. तिने फडक्याचं ओलं टोक माझ्या डोक्यावर टाकलं. मग मी उठून नवं कालवलं आणि पट्टा पुरा केला.

सगळं वाळलं तेव्हा मी ती बाजू पेराने वाजवली. खणखणीत. वहिनींनी न सांगता कूलर सुरू केला.

गल्लीतल्या लोकांनी उचलून डबा पिकअपवर चढवला, मी तो बोल्टांनी आवळला. आतून आवळला, बाहेरून आवळला, वरून दोर बांधले. रिकामा घेऊन रिंग रोडला फिरवून आणला. काही हललं नाही. तरी माझी झोप उडाली. हौद्यात माणूस नेतो म्हणून पोलिसांनी अडवलं तर काय सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. पण खरी भीती ती नव्हती. डबा आणि माझी सीट यांच्यामध्ये भिंत होती. तिला काचेची झडप ठेवली होती, पण आई खाली निजलेली, ती मला दिसणार नव्हती.

"तू ठोकत जा," मी तिला म्हटलं. "अधूनमधून. म्हणजे मला कळेल."

"फोन आहे की माह्यापाशी."

"गाडी चालवताना फोन कसा उचलू?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं. "दे ते लाटणं," ती म्हणाली.

दिवस उजाडताना निघालो. गादीवर आई, उशाशी पाण्याची बाटली, हातात लाटणं. काटोल नाका ओलांडला आणि मागून ठोका आला. माझा जीव भांड्यात पडला. पुढे फेटरीला आला. एका खड्ड्यानंतर आला. दर ठोक्याला मी आरशात बघायचो, मान वळवून झडपेतून बघायचो, काही दिसायचं नाही, मग पुन्हा पुढे. पुढच्या ठोक्यापर्यंत श्वास अर्धाच घ्यायचो. समोरून ट्रक आले की त्यांच्या वाऱ्याने डबा हलायचा आणि मी मनात त्या एकदा नासलेल्या बाजूवर हात टेकवून बसायचो.

कळमेश्वर गेलं. ठोका आला नाही. म्हटलं, येईल. एक वळण गेलं, दुसरं गेलं. संत्र्यांचे बगिचे लागले. मागे काही नाही.  ती व्हॅन, तो पत्रा, तो दवाखान्याचा दरवाजा, सगळं माझ्या मानेवर येऊन बसलं. मागून एक ट्रक हॉर्न देत होता, बाजूला घ्यायला जागा नव्हती. शेवटी एका चिंचेखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवला, पण ती उघडवेना. मी बाजूला गेलो आणि भिंत ठोकली. खणखणीत वाजली. आतून काही आलं नाही. मग मात्र मी दार उघडलं.

आई जागी होती. डोळे टक्क उघडे. लाटणं तिने पलीकडे सारून ठेवलं होतं.

"काहून थांबला गा?"

"तू ठोकलं नाही!" मी ओरडलो. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. "किती वेळ झाला! मला काय वाटलं असेल?"

"म्या ठोकलं का तू मागं पाहतो," ती म्हणाली. "दर बारीले गाडी झोलते. मले इथं पडल्या पडल्या समजते. समोरून टरक येऊन राहिले, अन् तू मागं पाहतो. म्हणून बंद केलं."

मी दाराला धरून उभा राहिलो. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "आणि त्या दिवशी? बाबांच्या वेळी?"

ती वर छताकडे पाहत होती. मी चिकटवलेल्या गुलाबी तक्त्यांचे सांधे तिथे दिसत होते.

"तुये बाबा अर्ध्या वाटेच्या आधी, कोराडीपाशीच गेले," ती म्हणाली. "माह्या मांडीवर. म्या हात उचलला होता पत्रा ठोकाले. बाहेरून कोयशाच्या टरकांचा आवाज येऊन राहिला होता. तू किती जोरानं चालवत होता. मंग म्या हात खाली घेतला." तिने ओठ ओले केले. "एक तं गेलाच होता. मले दुसरा जिता पाहिजे होता."

चिंचेची पानं गाडीच्या टपावर पडत होती.  मी तिच्या पायाला हात लावला. तो गरम होता.

"चाल आता," ती म्हणाली. "मावशी वाट पाहून राहिली आपली. अन् समोर पाहून चालव."

मी दार लावलं, कडी घातली आणि जाऊन बसलो. गाव येईपर्यंत मागून काही आवाज आला नाही. मी भीत होतो, पार नखशिखान्त भीत होतो, पण मान वळवली नाही. मावशीच्या अंगणात गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

तेव्हा मागून ठोका आला.